घाटंजीचा इतिहास पोडावरून लिहा

विदर्भातील लहान शहरांना आपल्या इतिहासाची आठवण अधूनमधून होत असते. कोठे नगरपरिषदेची स्मरणिका निघते, कोठे बाजार समितीचा तर कोठे शिक्षण संस्थेचा गौरवग्रंथ. या ग्रंथांचा साचा आता ठरून गेला आहे. प्रारंभी ग्रामदैवताची आख्यायिका, मागोमाग पहिल्या जिनिंग कारखान्याच्या मालकाचे छायाचित्र, नंतर स्वातंत्र्यसैनिकांची यादी आणि अखेरीस माजी पदाधिकाऱ्यांची नावे व जाहिराती. मध्येच कोठेतरी दोन परिच्छेदांत 'परिसरातील आदिवासी' उरकले जातात. ते भोळे असतात, निसर्गपूजक असतात, ढोलाच्या तालावर नाचतात. त्यांना सणवार असतात. इतिहास मात्र नसतो.

घाटंजीसारख्या गावाचा इतिहास या साच्यात बसवणे हा एक राजकीय व्यवहार आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्याचा इतिहास लिहिला जात नाही, त्याचा जमिनीवरील हक्कही लिहिला जात नाही. म्हणून हा प्रश्न केवळ संशोधकांवर सोपवून चालणार नाही. तो कष्टकऱ्यांच्या चळवळीचा प्रश्न आहे, आणि घाटंजी तालुक्यात तर तो आज तातडीचा प्रश्न आहे.

घाटंजी हे यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागातले डोंगराळ मुलखातले छोटे शहर. वाघाडी नदी त्याच्याजवळून वाहते. दक्षिणेला पैनगंगा आणि तिच्यापलीकडे तेलंगणातला आदिलाबादचा मुलूख. शहरात कापसाची बाजारपेठ, कचेऱ्या, शाळा, दवाखाने. शहराबाहेर पडले की कुणब्यांची गावे, बंजाऱ्यांचे तांडे, गोंडांच्या वस्त्या आणि डोंगराच्या कुशीत कोलामांचे पोड. गाव, तांडा आणि पोड हे तीन शब्द या मुलखात नुसती वस्त्यांची नावे नाहीत. सत्तेच्या उतरंडीतल्या त्या तीन पायऱ्या आहेत आणि पोड सर्वांत खालची पायरी आहे. ती खालची कशी झाली, हे सांगितल्याविना घाटंजीचा इतिहास पुरा होऊच शकत नाही.

'पडीक' या शब्दाचा पराक्रम

हा मुलूख ओसाड होता, तो बाहेरून आलेल्या उद्यमशील माणसांनी वसवला, अशी एक समजूत शिक्षितांमध्ये रूढ आहे. वस्तुतः अकबराच्या काळातील 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याची जी सरकारे नोंदली आहेत, त्यांत कळंब आहे, माहूर आहे, माणिकगड आहे. म्हणजे आजच्या यवतमाळ जिल्ह्याचा व त्याच्या शेजारचा टापू चारशे वर्षांपूर्वीच्या महसुली दप्तरालाही ठाऊक होता. शेजारी चांद्याला गोंडांचे राज्य नांदत होते. ओसाड मुलखाची सरकारे कोणी बांधत नाही आणि त्यावर राज्येही उभी राहत नाहीत.

मग तो ओसाड कधी ठरला? १८५३ साली निजामाच्या कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. लोहमार्ग आले, कापसाचे बाजार उभे राहिले, आणि नांगराखाली न आलेली प्रत्येक एकर जमीन साहेबाच्या डोळ्यांत सलू लागली. १८६५ साली वऱ्हाडात पडीक जमिनींसंबंधीचे नियम लागू झाले. त्यान्वये अखखी गावेच्या गावे दीर्घ मुदतीच्या इजाऱ्याने दिली जाऊ लागली. या इजारा गावांची गर्दी विशेषेकरून तेव्हाच्या वणी जिल्ह्यात, म्हणजे आजच्या यवतमाळात झाली. इजारा घ्यायला भांडवल लागत होते, कचेरीत ओळख लागत होती, अर्ज लिहिता यावा लागत होता. यांपैकी काहीही कोलामाजवळ नव्हते. महसुली नोंदींत या जिल्ह्यातील अनेक गावांच्या नावांना चिकटलेला 'इजारा' हा शब्द आपण रोज उच्चारतो. त्याचा अर्थ विचारण्याची तसदी मात्र कोणी घेत नाही.

त्यानंतर १८८६ साली वऱ्हाडचा स्वतंत्र वन कायदा झाला. उरलेले रान राखीव झाले. एका बाजूने इजारदार आणि दुसऱ्या बाजूने जंगलखाते, अशा चिमट्यात डोंगरावरचा माणूस सापडला. जमीन 'पडीक' होती, कारण ती कसणाऱ्याचे नाव कागदावर नव्हते. रान 'सरकारी' झाले, कारण त्यात राहणाऱ्याला सरकारने विचारलेच नाही. एका विशेषणाने जे साधले, ते लष्कराच्या पलटणींनाही साधले नसते.

'आदिम' कोणी केले?

कोलामांची भाषा कोलामी. ती मराठीची बोली नाही. गोंडी व नायकी यांच्याप्रमाणे ती द्राविड कुळातली स्वतंत्र भाषा आहे. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी १९५५ साली कोलामीवर सबंध ग्रंथ प्रसिद्ध केला. कॅलिफोर्नियातल्या विद्वानाला जिचे व्याकरण लिहावेसे वाटले, त्या भाषेतून पोडावरच्या मुलाला शाळेत एक अक्षर शिकवावे असे आपल्या शिक्षणखात्याला वाटले काय? पैनगंगेपलीकडील गोंडांचा अभ्यास करणाऱ्या हैमेनडॉर्फ यांनी नोंदवून ठेवले आहे की स्थानिक दैवतांच्या पूजेसाठी गोंड कोलामांनाच पुजारी मानीत, कारण भूमीशी त्यांचे नाते अधिक जुने समजले जाई. ज्यांना शेजाऱ्यांनी भूमीचे पुजारी मानले, ते आज त्याच भूमीवर अतिक्रमणदार म्हणून नोंदले जातात.

पाचव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात केंद्र सरकारने 'आदिम जमाती' असा एक वर्ग निर्माण केला. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती त्यात आल्या. निकष कोणते? शेतीपूर्व अवस्थेतील तंत्र, अत्यल्प साक्षरता, घटती वा थिजलेली लोकसंख्या. पुढे इंग्रजीतले नाव बदलून सौम्य करण्यात आले, परंतु आपल्या कचेऱ्यांत 'आदिम' हा शब्द ठाण मांडून बसला. 'शेतीपूर्व अवस्था' या शब्दांतील क्रौर्य ध्यानात घ्यावे. पैनगंगेपलीकडच्या डोंगरात कोलाम कुदळीने आणि टोकदार काठीने डोंगरउतारावर शेती करीत होते, हे हैमेनडॉर्फ यांनीच लिहिले आहे. रान राखीव झाल्यावर ती शेती गुन्हा ठरली. आधी शेती काढून घ्यायची आणि मग हे लोक शेतीच्या पूर्वीच्या अवस्थेत आहेत असा दाखला द्यायचा! कोलामांचे मागासलेपण काळाच्या उदरातून आलेले नाही. त्याला तारखा आहेत, नियम आहेत, अधिसूचना आहेत. ते तयार करण्यात आलेले आहे.

याचा पुरावा नदीच्या पलीकडे आहे. १९४० साली आदिलाबादच्या डोंगरात कुमराम भीम या गोंड तरुणाच्या नेतृत्वाखाली गोंड व कोलाम जंगलखात्याविरुद्ध उठले. निजामाच्या पोलिसांनी जोडेघाटला गोळ्या घालून ते बंड मोडले. परंतु बंडानंतर निजाम सरकारला त्याची कारणे शोधावी लागली, हैमेनडॉर्फ यांना तेथे पाठवावे लागले आणि पुढल्या काळात आदिवासींना हजारो एकरांचे पट्टे द्यावे लागले. एकच माणूस, एकच भाषा, मध्ये फक्त नदी. जेथे त्याने सरकारला प्रश्न विचारायला भाग पाडले, तेथे त्याच्या हातात कागद पडला. तो कागदही पुढे सावकारांनी आणि बाहेरून आलेल्यांनी पुष्कळ ठिकाणी हिसकावला, हे खरे. तरी 'आदिम' माणसाला पट्टा कळत नाही, हा युक्तिवाद तेथेच निकालात निघाला.

कायद्याची स्मृती कोठून सुरू होते?

यवतमाळ जिल्हा स्वातंत्र्यलढ्यात मागे नव्हता. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव रानातले गवत कापून जंगल सत्याग्रह केला आणि अटक करवून घेतली. तो सत्याग्रह आपल्या अभिमानाचा विषय आहे व असलाच पाहिजे. पण त्यातून निघणारा प्रश्न टाळता येत नाही. जे गवत कापणे १९३० साली देशभक्ती ठरले, तेच गवत कापणारा कोलाम स्वराज्यात गुन्हेगार कसा राहिला? गोरा साहेब गेला, वनरक्षकाची वही राहिली. सत्याग्रह ज्या कायद्याविरुद्ध होता, तो कायदाच नव्या राज्याने वारसाहक्काने पत्करला.

स्वराज्याने काही केलेच नाही, असा आमचा आरोप नाही. १९५०च्या मध्य प्रदेश कायद्याने इजारदारी संपवली. १९७४ साली महाराष्ट्राने आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा केला. त्याच साली, ६ जुलैपासून, आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे परवानगीविना जाण्यावर बंदी आली. हे कायदे कष्टकऱ्यांच्या लढ्याचे फळ होते. परंतु जमीन परत करण्याच्या कायद्याची कक्षा पाहावी: १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातील हस्तांतरणे. त्यापूर्वीचे सारे कायद्याच्या दृष्टीने घडलेच नाही. म्हणजे कायद्याची स्मृती १९५७ साली सुरू होते आणि लोकांची १८६५ साली. या मधल्या ब्याण्णव वर्षांत जे गेले, ते कोणत्या कचेरीत मागायचे?

आदिवासी कोण, हेही तालुक्याची शीव पाहून ठरत होते. १९७६ पर्यंत विदर्भातल्या गोंड-कोलामांना अनुसूचित जमातीचे हक्क मोजक्याच तालुक्यांत मिळत. या जिल्ह्यात ते केळापूर, वणी आणि यवतमाळ हे तीन तालुके होते. शीव ओलांडून दारव्ह्याला वा पुसदला गेलेला कोलाम कायद्याच्या लेखी कोलाम राहत नसे. १९७६च्या दुरुस्तीने हे क्षेत्रबंधन हटले. याच जिल्ह्यातील पुसद तालुक्याने महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले, याचा गौरव सर्वत्र होतो. मुख्यमंत्री देणाऱ्या जिल्ह्यात नागरिकत्वाची मोजणी अशी तालुकावार चालत होती, हे कोणत्या स्मरणिकेत छापले आहे?

नेबाजचे साक्षीदार

घाटंजीची कथा जगात एकाकी नाही. मध्य अमेरिकेतील ग्वाटेमालाच्या डोंगरात नेबाज नावाचे एक छोटे शहर आहे. तेथे माया वंशाचे इशिल लोक राहतात. त्यांची भाषा निराळी, राज्यकर्त्यांची स्पॅनिश भाषा निराळी. आपल्याकडे कापूस आला, त्याच सुमारास तेथे कॉफी आली. १८७१ नंतर आलेल्या उदारमतवादी म्हणवणाऱ्या राजवटीने गावांच्या सामूहिक जमिनी मोकळ्या केल्या. ज्या जमिनीचा कागद नव्हता तिला स्पॅनिश कायद्यात 'बाल्दिओ' म्हणत. 'बाल्दिओ' म्हणजे पडीक! १८७७च्या नियमाने डोंगरातल्या लोकांना मळ्यांवर मजुरीसाठी नेण्याची सोय झाली. मुकादम उचल देई, उचलीच्या कर्जाने माणूस बांधला जाई. विसाव्या शतकात कॉफीच्या जोडीला किनारपट्टीवर कापसाचे मळे आले, त्यांवर विमानांतून विष फवारले जाई आणि डोंगरातून उतरलेला मजूर त्या विषाने आजारी पडे.

हे वाचताना घाटंजीच्या माणसाला २०१७ साल आठवल्याशिवाय राहणार नाही. त्या वर्षी पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे मेली आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाली. त्यांतले कित्येक दुसऱ्याच्या शेतात रोजंदारीवर फवारणी करणारे मजूर होते. महासागराच्या दोन तीरांवर पीक एक, विष एक आणि पाठीवर पंप घेणारा वर्गही एक.

१९५२ साली ग्वाटेमालात जमिनीचे फेरवाटप सुरू झाले. १९५४ साली अमेरिकेच्या साहाय्याने ते सरकारच उलथवण्यात आले. १९६० ते १९९६ या यादवीत दोन लाखांवर माणसे मेली वा नाहीशी झाली. सत्यशोधन आयोगाने ओळख पटवलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. परंतु येथे सांगायची गोष्ट पुढची आहे. २०१३ साली माजी हुकूमशहा रिओस माँट याच्यावर खटला उभा राहिला, तेव्हा नेबाज आणि भोवतालच्या गावांतले इशिल स्त्रीपुरुष न्यायालयात आले आणि त्यांनी आपल्या भाषेत, दुभाष्यामार्फत, आपल्या गावांचा इतिहास सांगितला. न्यायालयाने हुकूमशहाला वंशसंहाराबद्दल दोषी धरले. दहाच दिवसांत वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल रद्द केला. तरीही साक्ष पुसली गेली नाही. २०१८ साली दुसऱ्या न्यायालयाने इशिलांचा वंशसंहार झाला होता, हे मान्य केले. ज्यांना इतिहास नाही असे म्हटले जात होते, त्यांचे शब्द पुरावा ठरले.

इतिहास हाच पुरावा

आपल्याकडेही इतिहासाला पुरावा मानणारा कायदा आहे. २००६चा वनहक्क कायदा आपल्या प्रस्तावनेतच वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली देतो. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीला तो व्यक्तिगत हक्क देतो, ग्रामसभेला सामूहिक हक्क देतो, आणि कोलामांसारख्या जमातींना आपल्या सबंध अधिवासावरचा हक्क मागू देतो. मध्य प्रदेशातील दिंडोरी जिल्ह्यात बैगांनी असा अधिवासाचा हक्क मिळवला आहे. पुरावे कोणते चालतात, हेही नियमांत स्पष्ट लिहिले आहे: गॅझेटिअर, जनगणना, जमाबंदीचे अहवाल, नकाशे, तसेच वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब, वंशावळ, जुन्या विहिरी, बांध, दफनभूमी, देवस्थाने. कोलामांची नोंद १९१६ साली रसेल व हिरालाल यांच्या ग्रंथात यवतमाळ जिल्ह्याच्या नावानिशी झालेली आहे. पुराव्याचा दुष्काळ नाही. तो गोळा करणाऱ्या हातांचा दुष्काळ आहे.

आणि हात न लावण्याची किंमत काय? १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ज्यांचे वनहक्क दावे फेटाळले गेले त्यांना हुसकावण्याचा आदेश दिला. देशभर आक्रोश झाला, तेव्हा २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. दावा फेटाळण्याचे कारण बहुधा एकच असते: 'पुरावा अपुरा'. ज्याचा इतिहास आपण दोन परिच्छेदांत उरकला, त्याचा दावा कचेरी दोन शब्दांत उरकते.

केळापूर व घाटंजी तालुक्यांच्या रानात १९९७ साली टिपेश्वर अभयारण्य झाले. वाघ वाढले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण २०१८ साली या टापूत एका वाघिणीवर तेरा माणसांच्या मृत्यूचा आरोप होता. २ नोव्हेंबरला तिला गोळी घातली गेली आणि देशातल्या शहरांतून अश्रूंचा पूर लोटला. त्या वाघिणीचे 'अवनी' हे नाव सर्वांना पाठ झाले. तेरा मृतांपैकी एकाचे तरी नाव अश्रू ढाळणाऱ्यांना ठाऊक होते काय? वाघिणीच्या वाट्याला नाव यावे आणि माणसांच्या वाट्याला आकडा यावा, याला भूतदया म्हणत नाहीत.

दोन आक्षेप

घाटंजी व्यापाऱ्यांनी आणि शेतकऱ्यांनी उभी केली, त्यांच्या कष्टांना काही मोल नाही काय, असे विचारले जाईल. मोल आहेच. तांड्यातला बंजारा एके काळी बैलांच्या पाठीवर देशाचे मीठ आणि धान्य वाहत होता; लोहमार्गाने त्याचा धंदा बुडवला आणि इंग्रजांच्या कायद्याने त्याला गुन्हेगार ठरवले. तोही इतिहास या शहराचाच आहे. कर्जाखाली पिचलेल्या कुणबी शेतकऱ्याचाही आहे. याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९८६ साली सहकुटुंब आत्महत्या केली, तेव्हापासून या मातीतला आकांत देशाला ऐकू येतो आहे. परंतु एकाच्या दुःखावर दुसऱ्याचे मौन झाकता येत नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच गोटातून येतो. कापसाच्या भावाचा प्रश्न पेटलेला असता पोडाचा प्रश्न काढून शेतकऱ्यांत फूट कशाला पाडता? या आक्षेपाला एकच उत्तर आहे. कापसाला भाव मिळाला तरी ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याला त्यातला छदामही मिळत नाही. कागद नाही म्हणून पीककर्ज नाही, पीकविमा नाही, हमीभावाची नोंदणी नाही. कर्जमाफीचे नावही घ्यायला नको. भूमिहीनाला वगळून होणारी शेतकऱ्यांची एकजूट जमीनमालकांची एकजूट असते. समाजवादाशी तिचा संबंध नाही.

कार्यकर्त्यांनी काय करावे

२०२३ साली केंद्र सरकारने या जमातींसाठी नवी योजना जाहीर केली. तिच्यात घरे, रस्ते, पाणी आहे. ते मिळाले पाहिजे आणि मध्येच कोणी खाऊ नये यासाठी झगडलेही पाहिजे. पण घर ज्या जमिनीवर उभे राहील ती कोणाची, हा प्रश्न योजनेच्या फलकावर लिहिलेला नसतो. तो आपण विचारायचा आहे.

कार्यकर्त्यांपुढचे काम कष्टाचे पण साधे आहे. प्रत्येक पोडाची वही करावी. पोड पूर्वी कोठे होता, कधी व कोणी हलवला, देव कोठे आहेत, पुरलेली माणसे कोठे आहेत, कोणत्या नाल्यापर्यंत बांबू तोडत, कोणत्या टेकडीवर पेरत, हे वृद्ध स्त्रीपुरुषांच्या तोंडून लिहून घ्यावे. त्यांच्या शब्दांत, कोलामी शब्दांसह. त्यावर त्यांचे अंगठे घ्यावेत आणि ती वही ग्रामसभेत वाचावी. तहसील कचेरीतून जुने नकाशे, इजाऱ्याचे कागद, निस्तारपत्रक असेल तेथे त्याची नक्कल मागावी. फेटाळलेल्या दाव्यांची यादी करून प्रत्येकाचे लेखी कारण मागावे, कारण लेखी कारणाविना फेटाळणी ही कायद्याची पायमल्ली आहे. हे काम निवडणुकीच्या मोसमातले नाही. त्यात हार नाहीत, सभा नाहीत. एक वही आणि पायपीट आहे.

शहरातल्या सहानुभूतीदार शिक्षकांनी आणि वकिलांनी यात हात घालावा. शाळांतल्या मुलांनी आपल्या तालुक्यातील इजारा गावांची यादी केली तरी गौरवग्रंथांचा निम्मा डौल उतरेल. ज्या दिवशी घाटंजीच्या स्मरणिकेत जिनिंग मालकाच्या आधी पोडाचे नाव छापले जाईल, त्या दिवशी आम्ही समाधान मानणार नाही. पोडाचे नाव सातबाऱ्यावर चढेल तेव्हाच या शहराचा इतिहास खऱ्या अर्थाने लिहायला घेतला, असे म्हणता येईल.